एन्गान्चे : एका गळाची कुळकथा

एप्रिल 2008 मध्ये मेक्सिकोच्या उत्तर हद्दीवरच्या नुएवो लारेदो शहरात एका पुलावर कापडी फलक झळकला. मजकूर नोकरीच्या जाहिरातीचा होता: आजी-माजी सैनिक पाहिजेत, पगार चांगला, जेवणखाण मिळेल, घरच्यांची काळजी घेतली जाईल, सोबत फोन नंबर. त्याच सुमारास लागलेल्या दुसऱ्या एका फलकावर, आमच्याकडे पाकिटातल्या झटपट शेवयांवर दिवस काढावे लागत नाहीत, अशी लष्कराला मारलेली कोपरखळी होती. जाहिरातदार होते ‘लोस सेतास’, म्हणजे 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमली पदार्थांच्या धंद्यातल्या गल्फ कार्टेलने लष्कराच्या खास दलांतून फोडलेल्या जवानांची टोळी. पत्रकारांना त्यात निर्लज्जपणा दिसला, आणि तो होताच. पण स्पॅनिश लष्करी बोलीत भरतीच्या कचेरीला ‘बांदेरीन दे एन्गान्चे’ म्हणतात हे लक्षात घेतलं, की त्या फलकाकडे बघण्याची नजरच बदलते. बांदेरीन म्हणजे छोटं निशाण. गांचो म्हणजे आकडा किंवा गळ, आणि एन्गान्चे म्हणजे माणसाला त्या गळाला लावणं. आज मेक्सिकोत कोवळ्या मुली अमली पदार्थांच्या टोळ्यांत ओढल्या जातात, तेव्हा पोलीस, वर्तमानपत्रं आणि त्या मुलींचे आईबाप याचंच क्रियापद, ‘एन्गान्चार’, वापरतात. माझं म्हणणं असं, की टोळीत बंदूक धरणाऱ्या मुलीचं मूळ शोधायचं तर याच गळाचा माग काढायला हवा. सगळे जिथे शोधतात तिथे ते नाही.

सगळे ते राण्यांमध्ये शोधतात. या वंशावळीत पहिलं नाव येतं सिउदाद हुआरेसच्या इग्नासिया हासोचं, ऊर्फ ‘ला नाचा’चं. तिचा नवरा ‘एल पाब्लोते’ 1930 मध्ये मारला गेला. 1931 मध्ये सीमेपलीकडच्या एल पासोत त्याच्यावरचा कोरिदो, म्हणजे पोवाड्याच्या जातीचं कथागीत, ध्वनिमुद्रित झाला. अमली पदार्थांच्या धंद्यावरचा तो पहिला कोरिदो मानतात. गंमत अशी, की धंदा पुढे कित्येक वर्षं चालवला बायकोने आणि गाणं झालं नवऱ्यावर. बायकांवरची गाणी यायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ या वाद्यवृंदाने गायलेल्या कोरिदोतली कामेलिया मोटारीच्या टायरांत गांजा भरून सीमा ओलांडते आणि दगा देणाऱ्या जोडीदाराला गोळ्या घालते. कामेलिया काल्पनिक होती. पण याच गाण्यावरून आर्तुरो पेरेस-रेवेर्ते या स्पॅनिश लेखकाला ‘ला रेइना देल सुर’ ही 2002 ची कादंबरी सुचली, तिच्यावर 2011 मध्ये गाजलेली मालिका आली, आणि मधल्या काळात, 2007 साली, सांद्रा आविला बेल्त्रान ही खरीखुरी बाई ‘पॅसिफिकची राणी’ याच बिरुदासह पोलिसांच्या हाती लागली. कल्पनेतून वास्तवात उतरलेली ही वंशावळ मोठी देखणी दिसते. पण नीट पाहिलं तर त्यातल्या खऱ्या बायका सगळ्या वारसदार आहेत. नाचा विधवा. सांद्रा आविला एका मोठ्या तस्कराची भाची. तिहुआनाच्या टोळीची सूत्रं हाती घेणारी एनेदिना आरेयानो फेलिक्स त्या टोळीच्या म्होरक्यांची सख्खी बहीण. त्यांची भरती कोणी केलीच नाही, धंदा त्यांच्या घरातच होता. आठवड्याच्या पगारावर चौकात उभं राहून लष्कराची गाडी आली की फोन करणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी यांच्या कुळातली कशी? गाण्यांनीच मुलींना भुलवलं, असं यावर कोणी म्हणेल. भुलवलं असेलही. पण गाणं फार तर आमिष झालं. आमिष आणि गळ यांत फरक आहे, आणि मला गळ शोधायचा आहे.

दुसरा दावा अधिक वजनाचा आहे: मेक्सिकन क्रांतीतल्या ‘सोल्दादेरां’चा. 1910 नंतरच्या दशकात फौजांबरोबर हजारो बायका चालल्या, त्यांनी रांधलं, जखमींना सावरलं, आणि काहींनी बंदुकाही चालवल्या. पेत्रा एरेरा तर पुरुषाच्या वेषात, पेद्रो या नावाने लढत होती. हा दावा वजनदार यासाठी, की इथे निदान बाई आणि फौज यांचा संबंध आहे. तरी तो पुरा पडत नाही. सोल्दादेरा बहुधा आपल्या माणसामागून जाई. तिला कोणी आगाऊ रक्कम देऊन नाव लिहून घेत नसे. मात्र तिची एक गोष्ट मी बाजूला काढून ठेवतो: फौजेत शिरण्याची वाट एका पुरुषाच्या हातातून जात होती. ही गोष्ट पुढे लागेल. तिसरा दावा कोलंबियाचा. रोमन खंजिराच्या ‘सिका’ या नावावरून आलेला ‘सिकारिओ’ हा भाडोत्री मारेकऱ्याचा शब्द मेक्सिकोत रुळला तो कोलंबियाच्या प्रभावाने, आणि होर्हे फ्रांकोच्या 1999 च्या कादंबरीतली मारेकरी रोसारिओ तिहेरास ही तिथलीच. त्यामुळे नाव तिकडून आलं हे कबूल. माणसं गोळा करायची रीतही तिकडून आली याला मला आधार दिसत नाही.

आता गळाकडे. ‘एन्गान्चार’च्या अर्थावर दोन सोपे तर्क करता येतात. पहिला, गाडीला खेचरं जुंपण्याचा. स्पॅनिशमध्ये हेच क्रियापद त्यालाही चालतं, तेव्हा मजुरांची टोळी कामाला जुंपणं हा अर्थ सहज निघाला असेल, असं म्हणता येतं. दुसरा, सरळ मासेमारीचा. माझा कौल दोहोंना नाही, आणि त्याचं कारण पैसा. खेचराला कोणी आगाऊ रक्कम देत नाही. मासा आमिष गिळतो, पण त्याच्या नावावर कर्ज चढत नाही. एन्गान्चेचं सगळं मर्म मात्र आगाऊ रकमेत आहे. इतकं, की मेक्सिकोत फ्रिज किंवा मोटार हप्त्यावर घेताना आधी भरायच्या पैशालाही एन्गान्चेच म्हणतात. आधी पैसे देऊन माणूस बांधून घेण्याची ही चाल स्पॅनिश लष्कराची. शिपाईगिरीला नाव देणाऱ्याच्या हातावर रक्कम ठेवायची आणि ती त्याने घेतली की परतीची वाट बंद. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात आजही या क्रियापदाचे दोन अर्थ सापडतात: कुणाला चतुराईने वश करून घेणं आणि शिपाई म्हणून भरती करणं. तेव्हा लष्करातून मळ्यात, खाणीत आणि टोळीत असा या शब्दाचा प्रवास मी मांडतो. पेरूच्या खाणींत आणि चिलीच्या नायट्रेटच्या कारखान्यांतही मजूरभरतीला हेच नाव पडलं होतं. एवढ्या लांबच्या मुलुखांत एकच शब्द एकाच अर्थाने रुजायचा तर तो साम्राज्याच्या फौजेबरोबर गेला असावा, ही सगळ्यांत सरळ उकल. मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीचा मुकादम आणि त्याची उचल त्याच्या ओळखीची आहे.

लष्करातला हा गळ मळ्यात कसा काम करत होता, याचं सर्वांत बोचरं चित्र जॉन केनेथ टर्नर या अमेरिकन पत्रकाराने रेखाटलं. 1908 मध्ये पैसे गुंतवायला आलेला धनिक असं सोंग घेऊन तो हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या मेक्सिकोत हिंडला. वाहाका प्रांतातल्या व्हाये नासिओनालच्या तंबाखूच्या मळ्यांत त्याने जे पाहिलं त्यात चाबूक शेवटी येतो. सुरुवात होते शहरात, दलालाच्या कचेरीत. नोकरीची जाहिरात, चांगल्या मजुरीचं वचन, हातात थोडी आगाऊ रक्कम, मग कुलूपबंद घर, मग पहाऱ्यात प्रवास. मळ्यावर पोचल्यावर पुरुष, बायका, पोरं रात्री एकाच कोठारात कोंडली जात. मळेवाल्यांचा हिशेब टर्नर नोंदवतो: 45 डॉलरला माणूस घ्यायचा, सात महिने राबवून मारायचा आणि पुन्हा 45 टाकून नवा आणायचा; त्याला जगवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. टर्नर दियासच्या विरोधकांचा उघड पाठीराखा होता, म्हणून त्याच्या आकड्यांना थोडी कात्री लावून वाचावं हे बरं. पण मला आकड्यांपेक्षा पायऱ्यांचा क्रम हवा आहे, आणि तो क्रम त्याच्या कट्टर विरोधकालाही नाकारता येत नाही. 1917 च्या मेक्सिकन राज्यघटनेनेच त्याची साक्ष दिली आहे. तिच्या 123 व्या कलमात मजुराच्या अंगावरचं मालकाचं कर्ज घरच्यांकडून वसूल करायला आणि महिन्याच्या पगाराहून जास्त वळतं करायला बंदी आहे, आणि काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून काही घ्यायचं नाही असंही म्हटलं आहे. जो रोग नाही त्याचं औषध घटनेत कोण घालतं?

घटनेने बंदी घातली आणि इथे माझ्या कुळकथेत मोठा खंड पडतो. 1917 ते 2008 म्हणजे एक्याण्णव वर्षं. शब्द टिकला म्हणून रीतही टिकली असं मानणं भाबडेपणाचं आहे, हा आक्षेप रास्त आहे. माझी अटकळ अशी, की मळ्यांतून हुसकलेला गळ सीमेवर सरकला. अमेरिकन रेल्वेसाठी मेक्सिकन मजूर पुरवणारे कंत्राटदार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एल पासोत ठाण मांडून होते, आणि त्यांना नाव होतं ‘एन्गान्चिस्ता’. 1942 ते 1964 दोन्ही सरकारांच्या करारानेच शेतमजूर अमेरिकेत जात राहिले. करार संपल्यावर 1965 पासून सीमेलगत जोडणीचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांनी मुख्यतः तरुण मुलींना कामावर घेतलं. हे कारखाने टोळ्या नव्हेत आणि त्यांची नोकरी खरी होती. पण त्यांनी एक सवय लावली: गावाकडची मुलगी जाहिरात वाचून एकटी शहरात येते, ओळखपाळख नसलेल्या दारात उभी राहते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पूर्वीच्या गळाला बहुतेक करून बापई लागत. आता मुलीही गळाच्या टप्प्यात आल्या.

डिसेंबर 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी मिचोआकानमध्ये सैन्य उतरवलं आणि टोळ्यांना माणसं कमी पडू लागली. ‘सायन्स’ नियतकालिकात 2023 मध्ये आलेल्या एका गणितानुसार, मेलेल्या आणि तुरुंगात गेलेल्यांची जागा भरून काढायला मेक्सिकोतल्या टोळ्यांना आठवड्याला साडेतीनशेच्या वर नवी माणसं लागतात. व्हाये नासिओनालचा हिशेब इथे पुन्हा भेटतो: माणूस टिकवण्यापेक्षा बदलणं परवडतं. पायऱ्याही त्याच. हालिस्कोतल्या तेउचित्लानजवळच्या इसागिर्रे रँचवर मार्च 2025 मध्ये हरवलेल्यांच्या शोधात असलेल्या नातेवाइकांना शेकड्यांनी बूट, कपडे, पिशव्या आणि जळक्या हाडांचे तुकडे सापडले. सरकारी तपासात पुढे आलं ते असं: समाजमाध्यमांवर सुरक्षारक्षकाच्या वगैरे नोकऱ्यांची जाहिरात, आठवड्याला 4,000 ते 12,000 पेसो पगाराचं वचन, बस स्थानकावर गाठभेट, तिथून रँच, मग फोन काढून घेणं आणि बंदुकीचं शिक्षण. टिकटॉकवरच्या अशा काही जाहिरातींमध्ये टोळीची खूण म्हणून कोंबड्याचं चित्र असतं, आणि काही जाहिराती खास बायकांना, एकट्या आयांना उद्देशून असतात. ‘नाही’ म्हणण्याची सोय कितपत असते हे ऑगस्ट 2010 मध्ये तामाउलिपासच्या सान फेर्नांदोतल्या हत्याकांडात दिसलं होतं. वाचलेल्या माणसाने सांगितलं, की सेतासने पळवलेल्या परदेशी स्थलांतरितांपुढे आधी कामाचा प्रस्ताव ठेवला होता. तो त्यांनी नाकारला. मारल्या गेलेल्या 72 जणांत 14 बायका होत्या.

सगळ्यात कठीण आक्षेप उरतो. कित्येक मुली स्वतःहून जातात. ‘इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप’ने नोव्हेंबर 2023 च्या अहवालात तुरुंगातल्या बायकांशी बोलून हेच मांडलं: घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, व्यसन यांतून आलेल्या या बायकांना टोळीत दरारा आणि संरक्षण मिळालं, आणि आत नेणारा हात बहुतेकदा प्रियकराचा किंवा ओळखीच्याचा होता. मग हा गळ कसा, ही तर निवड झाली, असं कोणी म्हणेल. पण एन्गान्चेचा अर्थ सक्ती असा कधीच नव्हता. सक्तीने शिपाई पकडून नेण्याला स्पॅनिशमध्ये ‘लेवा’ हा वेगळा शब्द आहे. एन्गान्चेत पहिलं पाऊल माणूस आपल्या पायाने टाकतो, आणि त्या पहिल्या पावलावरच पुढचं कर्ज रचलं जातं. मुलींच्या बाबतीत आगाऊ रक्कम रोखीत नसते एवढाच फरक. कुणाला उधारीवर पूड मिळते, कुणाचं घरभाडं भरलं जातं, कुणाला छळणाऱ्या सावत्र बापाचा परस्पर बंदोबस्त होतो, कुणाला प्रेम मिळतं. सोल्दादेराकडून बाजूला काढून ठेवलेली गोष्ट इथे कामी येते: पुरुषाला पैशाने बांधतात, मुलीला पुरुषाच्या हातून. फेडायची वेळ आली की काम ठरतं टोळीच्या गरजेवर. आधी पाळत, मग पुड्या, मग ओलिसांसाठी रांधणं, मग बंदूक. सगळ्याच जणी शेवटच्या पायरीपर्यंत जात नाहीत, पण कुठल्या पायरीवर थांबायचं हे तिच्या हातात नसतं.

या सगळ्याचा कागदोपत्री पुरावा एकाच खटल्यात पाहायचा तर पुन्हा हुआरेसला यावं लागतं. शहराच्या मध्यभागातून नाहीशा झालेल्या तरुण मुलींचे अवशेष 2012 मध्ये जवळच्या नावाहो ओढ्यात सापडले. खटल्यात उघड झालं, की दुकानांतल्या नोकरीची खोटी लालूच दाखवून त्यांना अडकवलं गेलं, एका हॉटेलात डांबून वेश्याव्यवसायाला लावलं गेलं आणि अमली पदार्थही विकायला लावले. जुलै 2015 मध्ये पाच पुरुषांना अकरा मुलींबद्दल प्रत्येकी 697 वर्षांची शिक्षा झाली. निकालात त्या मुली मानवी तस्करीच्या बळी ठरल्या, आणि ते बरोबरच आहे. पण हातात पुड्या असताना त्यांच्यातली एखादी ओढ्यात सापडण्याआधी पोलिसांना सापडली असती, तर तिच्यावर कलम लागलं असतं ते विक्रीचं.