ड्रेस्डेनची थाळी : चिंध्यांच्या एका गोधडीचा इतिहास

राजेरजवाड्यांच्या लढायांना बखरी मिळाल्या, पण सुईच्या टांक्यांना बखरकार मिळाला नाहीं. आजीची गोधडी आपण वर्षानुवर्षें पांघरतों. पण ती कोणत्या लुगड्यांची, कोणत्या धोतरांची, हें विचारण्याचें सुचतें तेव्हां बहुधा आजी राहिलेली नसते. आज सांगते ती हकीकत अशाच एका गोधडीची आहे. ती आपल्याकडची नव्हे, अमेरिकेची आहे. तिचें नांव ‘ड्रेस्डेन प्लेट’, म्हणजे ड्रेस्डेनची थाळी.

प्रथम तिचें रूप डोळ्यांपुढें आणा. पांढऱ्या सुती कापडाचा एक चौकोन. त्याच्या मध्यभागीं वाटोळी चकती. आणि चकतीभोंवतीं निरनिराळ्या छापील कापडांच्या पाकळ्या. पाकळी मुळाशीं अरुंद, शेंड्याशीं रुंद. शेंडा कधीं टोंकदार, कधीं गोल. पाकळ्या बहुधा बारापासून वीसपर्यंत. असे चौकोन एकमेकांस जोडले म्हणजे अंथरुणावर थाळ्यांची पंगत मांडल्याचा भास होतो. या नमुन्याला ॲस्टर, डेलिया, सूर्यफूल, मैत्रीचें कडें अशींही नांवें होतीं. परंतु टिकलें तें जर्मनींतील एका नगराचें नांव.

त्याचें कारण चिनी मातींत आहे. ड्रेस्डेन ही सॅक्सनीची राजधानी. तिच्याजवळ मायसेन येथें १७१० सालीं चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना निघाला. अस्सल पोर्सेलिन बनविणारा यूरोपांतील हा पहिला कारखाना होय. रंगीत फुलांनीं नटलेलीं तीं नाजूक भांडीं ‘ड्रेस्डेनचीं’ म्हणून परदेशीं प्रसिद्ध झालीं आणि सधन घरांच्या कपाटांत मानानें बसलीं. ज्या घरांत तशी थाळी येण्याचा संभव नव्हता, त्या घरांतही ती कापडाच्या रूपानें पलंगावर आली, ही या नांवांतील गोड चतुराई आहे.

हा नमुना भरास आला तो १९२० ते १९४० या काळांत. नमुन्यांचा प्रसार वृत्तपत्रें करीत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या पत्रानें १९२८ पासून गोधड्यांचे नमुने छापण्यास आरंभ केला, आणि तो क्रम १९६१ पर्यंत चालला. शेतावर राहणारी गृहिणी तो कागद कापून पेटींत जपून ठेवी. पुढें १९२९ सालीं शेअरबाजार कोसळला आणि मंदीचा काळ आला. मंदीनें ही थाळी जन्मास घातली असें नव्हे. ती अगोदरच लोकप्रिय होत होती. परंतु हौस म्हणून चाललेल्या कामाला आतां निकडीची धार आली.

कापड येई कोठून? कांहीं कपडे बेतून उरलेल्या तुकड्यांतून, कांहीं जीर्ण झग्यांतून, आणि कांहीं चक्क पोत्यांतून! पीठ, साखर व कोंबड्यांचें खाद्य सुती पोत्यांतून विकलें जाई. शंभर पौंडांचें पोतें उसवलें म्हणजे एक वाराहून थोडें अधिक कापड हातीं येई. गृहिणी हें कापड वापरतात हें गिरणीवाल्यांच्या ध्यानांत आलें, तेव्हां ते पोत्यांवर फुलें-वेली छापूं लागले. मग दाणावैरणीच्या दुकानीं नवऱ्यानें कोणतें पोतें उचलावें, हें त्याची बायको ठरवूं लागली. पोत्याची शिवण उसवून निघालेला दोराही वाया जात नसे. तो गुंडाळून ठेवीत आणि पुढें शिवणास किंवा विणकामास लावीत.

थाळी शिवणें दिसतें तितकें सोपें नाहीं. पुठ्ठ्याचा एक साचा कापून त्यावरून सर्व पाकळ्या कापावयाच्या. टोंकदार पाकळी हवी असल्यास ती उभी दुमडून रुंद कडेला आडवी टीप घालावयाची आणि उलटावयाची. टोंक आपोआप येतें. वीस पाकळ्या असल्या तर प्रत्येकीच्या वांट्यास वर्तुळाचे अठरा अंश येतात. शिवण घेतांना एकेका पाकळींत अर्धा अंश जरी अधिक दबला, तरी वीस पाकळ्यांत दहा अंशांची तूट पडते आणि थाळी सपाट न बसतां वाडग्यासारखी उचलली जाते. उलट शिवण कमी घेतली तर कडेला चुण्या पडतात. मधली चकती ही केवळ शोभा नव्हे. सर्व पाकळ्यांचीं कच्चीं टोंकें तिच्याखालीं झांकलीं जातात. रंगांचा नियम एवढाच, कीं एका जातीचे दोन तुकडे शेजारीं शेजारीं येऊं नयेत. गरिबीच्या पेटींतले तुकडे सारखे नसतातच. या नमुन्यानें त्या उणिवेलाच सौंदर्य केलें.

परंतु या इतिहासाला एक काळी किनारही आहे. १९३३ सालीं शिकागो येथें ‘प्रगतीचें शतक’ या नांवाचें जागतिक प्रदर्शन भरलें. त्या निमित्तानें सिअर्स रोबक या व्यापारी पेढीनें गोधड्यांची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. पहिलें बक्षीस एक हजार डॉलर! ऐन मंदींत ही रक्कम म्हणजे एक स्वप्नच. सुमारें चोवीस हजार गोधड्या आल्या. पहिलें बक्षीस केंटकी संस्थानांतील एका बाईंना मिळालें. त्यांच्या गोधडीवर थाळी नव्हती, तारे होते. पुढें अभ्यासकांनीं शोध केला तेव्हां उघड झालें, कीं त्या गोधडींत त्या बाईंचा स्वतःचा एकही टांका नव्हता. काम मजुरीनें करणाऱ्या दुसऱ्याच बायकांचें होतें. गोधडी स्वतः केलेली असावी अशी स्पर्धेची अट होती. तरी त्या बायका गप्प राहिल्या, कारण बोलल्या असत्या तर मिळणारें कामही गेलें असतें. बक्षिसांतील वांटा त्यांना मिळाला नाहीं. ती गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझव्हेल्ट यांना भेट म्हणून गेली, आणि आज तिचा ठावठिकाणा नाहीं.

मग बक्षीस न मिळालेल्या, स्पर्धेलाही न गेलेल्या थाळ्यांकडे पाहावें. पुष्कळ गोधड्यांवर करणारणीचें नांव नाहीं. परंतु घरच्या माणसांना तींतील प्रत्येक पाकळी वाचतां येई. हा थोरलीचा शाळेचा झगा, हा वडिलांचा सदरा, हें त्या दुष्काळी वर्षाचें पोतें. कुटुंबाची वंशावळ लिहिण्याची ही एक रीतच म्हणावयाची.

आणि ज्या नगरानें या थाळीला नांव दिलें, त्याचें काय झालें? १९४५ च्या फेब्रुवारींत १३ तारखेच्या रात्रीपासून १५ तारखेपर्यंत ब्रिटिश व अमेरिकन विमानांनीं ड्रेस्डेनवर बाँब टाकले. सुमारें पंचवीस हजार माणसें मेलीं. जुनें शहर जळून राख झालें. ज्या देशाचीं विमानें तेथें गेलीं, त्या देशाच्या कित्येक घरांत त्या रात्रीं मुलें ड्रेस्डेनची थाळी पांघरून निजलीं असतील.

शहर पुढें पुन्हां बांधलें गेलें, आणि थाळीही मोडली नाहीं. हौशी बायका ती अजून शिवतात. आपल्या घरीं एखादी जुनी गोधडी असेल, तर ती बोहारणीला देण्यापूर्वीं घरांतल्या वडीलधाऱ्या बाईंपाशीं क्षणभर बसावें आणि एकेका तुकड्याचें नांव विचारून घ्यावें. टांके झिजले तर पुन्हां घालतां येतात. विसरलेलें नांव मात्र पुन्हां कोणाला सांगतां येत नाहीं.