गुरुजींच्या ग्रुपवर कचरा आला कुठून?

मंडळी, धायरीतल्या कुठल्याही शिक्षकाचा मोबाईल बघा. शाळेचा, केंद्राचा, विषयाचा, संघटनेचा असे चार-पाच ग्रुप निघतीलच.

२२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर निघाला. त्या दिवसांत हे ग्रुप खरंच कामाचे होते. कुणी गणिताचं साहित्य बनवलं की फोटो लगेच दुसऱ्या तालुक्यात पोचायचा. २०१६ च्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ केली. माणसं वाढली, तशी फुलांची सुप्रभात आली, विमा आला, प्लॉट आले. (धायरीकरांना प्लॉटच्या जाहिराती काय नवीन सांगायच्या!)

मग १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराधांना ठार मारलं. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात भारतात एक मेसेज पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा ठरली. 'फक्त अ‍ॅडमिन लिहिणार' ही सोयही तेव्हाचीच. अनेक ग्रुपनी ती लावली. कचरा थांबला, पण नव्या शिक्षिकेचा प्रश्नही थांबला. मला हा उपाय महागच वाटतो. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानेही म्हटलंय. त्या भीतीने कुलूप कशाला?

सगळ्यात वाईट म्हणजे बदल्यांचे, पगाराचे खोटे जीआर. जीआरच्या शेवटी संकेतांक छापलेला असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि सापडला तरच पुढे पाठवा.