पिंगच्या रकान्यातला अर्धविराम

बुलडाणा जिल्ह्यात ब्रॉडबँड आलं ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. बीएसएनएलनं जानेवारी २००५ मध्ये ही सेवा सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत खामगाव, चिखली, मलकापूरकडे मोडेम बसवून देणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. मी त्यातलाच. स्प्लिटर लावायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. ‘भाऊ, नेट कावून बंद हाय?’ असा फोन आला की डायग्नोस्टिक्सचं पान उघडायचं, पिंगच्या रकान्यात ८.८.८.८ लिहायचं नि बटण दाबायचं. उत्तर आलं तर लाइन ठीक, बिघाड घरातला.

या रकान्यावर आमचं पोट चाललं, म्हणून त्याचा इतिहास नीट सांगितला पाहिजे असं मला वाटतं.

घरचा राउटर हा बहुतेक वेळा लिनक्सवर चालणारा छोटा संगणकच असतो. आपण लिहिलेला पत्ता आतला प्रोग्राम ‘पिंग’ या शब्दापुढे जोडतो आणि अख्खी ओळ शेलच्या, म्हणजे हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रामच्या हवाली करतो. शेलच्या लेखी अर्धविराम म्हणजे एक हुकूम संपला, दुसरा सुरू. रकान्यात काय आलं हे तपासलंच नसेल आणि कुणी ‘८.८.८.८; रीबूट’ असं लिहिलं, तर राउटर आधी पिंग करतो आणि मग स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रीबूटच्या जागी ‘अमुक ठिकाणची फाइल आण आणि चालव’ असा हुकूम घातला की राउटर परक्याच्या ताब्यात. याला कमांड इंजेक्शन म्हणतात.

नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या टोळीच्या, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याच्या, प्रोग्रामनं हेच केलं, फक्त रकाना वेगळा होता : वेळ मिळवायच्या सर्व्हरच्या नावाचा. कंपनीला दुरून सेट सांभाळता यावा म्हणून असलेलं ७५४७ क्रमांकाचं पोर्ट त्यासाठी वापरलं गेलं. त्या हल्ल्यात जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली.

जुलै २०१७ मध्ये भारताची पाळी आली. ब्रिकरबॉट नावाच्या प्रोग्रामनं बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम निकामी केले. आकडा ६० हजारांवर गेल्याच्या बातम्या होत्या. इथं रकान्याची गरजही पडली नाही, कारखान्यातून आलेला पासवर्डच पुरला. तेव्हापासून सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो : पासवर्ड बदला. सल्ला खरा आहे, मीही गिऱ्हाइकांना तो देतो. पण त्यामुळे सगळा दोष गिऱ्हाइकाच्या माथी बसला, हे मला पटत नाही.

कारण वर्षही उलटलं नव्हतं, तोच डासान कंपनीच्या फायबर राउटरमधला दोष उघड झाला. पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि ‘इमेजेस’ हा शब्द जोडला की पासवर्ड न विचारताच पान उघडायचं. आणि हुकूम घुसवायचा रकाना कोणता, तर डायग्नोस्टिक्समधला, आमचाच पिंगचा! असे दहा लाखांवर राउटर इंटरनेटवर उघडे होते. मे २०१८ मध्येच पाच टोळ्या त्यांच्यावर तुटून पडल्या. तिथं कितीही अवघड पासवर्ड ठेवला असता तरी काय उपयोग होता?

२०२३ मध्ये टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ मध्ये देश निवडायच्या रकान्यातून हुकूम आत जात असल्याचं निघालं. कंपनीनं मार्चमध्ये दुरुस्ती दिली, एप्रिलमध्ये हल्ले सुरू झाले. ज्यांनी अपडेट केलं ते वाचले.

वेळ, पिंग, देश. तिन्ही साधे रकाने, आणि ते तपासायचं काम राउटर बनवणाऱ्याचं होतं. आज तांब्याची तार जाऊन फायबर आलं, तरी अपडेट कधीच बंद झालेले जुने सेट आपल्या गावांत अजून चालू आहेत. तेव्हा नवा राउटर घेताना रेंज आणि किंमत विचाराल, तसंच याला अपडेट किती वर्षं मिळणार हेही विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर तो सेट घेऊ नका.