लाओकूनचा उजवा हात : एका प्राचीन शिल्पसमूहाच्या पुनर्जोडणीचा इतिहास

प्रस्तावना

व्हॅटिकन संग्रहालयाच्या बेल्व्हेडेरे चौकात संगमरवराचा एक शिल्पसमूह आहे. मध्यभागी दाढीधारी पुरुष, दोन्ही बाजूंना त्याचे दोन पुत्र आणि तिघांनाही विळखा घालणारे दोन सर्प असे त्याचे स्वरूप आहे. ग्रीक पुराणकथेवर आधारलेल्या या शिल्पाइतकी चर्चा फार थोड्या कलाकृतींच्या वाट्याला आली असेल. तथापि, ज्या शिल्पाविषयी ही चर्चा झाली ते मूळ शिल्पकारांनी घडविले तसे नव्हते. सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाओकूनच्या उजव्या खांद्याला जो हात दिसत असे, तो नंतरच्या कारागिरांनी जोडलेला होता. प्रस्तुत लेखात या हाताच्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

कथा आणि शिल्प

लाओकून हा ट्रॉय नगरीचा पुरोहित. ग्रीकांनी वेशीबाहेर ठेवलेला लाकडी घोडा आत घेऊ नका, असा इशारा त्याने नगरजनांना दिला आणि घोड्यावर भाला फेकला. त्यानंतर समुद्रातून आलेल्या दोन सर्पांनी त्याला व त्याच्या पुत्रांना विळख्यात घेतले. रोमन कवी व्हर्जिल याच्या ‘इनीड’ या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात ही कथा येते. व्हर्जिलच्या कथेत दोन्ही पुत्र मरतात. अन्य एका जुन्या परंपरेनुसार एकच मरतो. शिल्पातील थोरला मुलगा पायाभोवतीचा वेटोळा सोडवताना दिसतो, तो कदाचित वाचेल असे वाटते. त्यामुळे शिल्पकारांसमोर नेमकी कोणती कथा होती, हा वाद अजून मिटलेला नाही. ही कथा भारतीय उपखंडापर्यंतही पोहोचली होती. ब्रिटिश म्युझियममधील गांधार शैलीच्या एका शिल्पपट्टात चाकांवरचा घोडा आणि त्याच्यावर भाला रोखणारा पुरुष कोरलेला आहे. हा पुरुष लाओकूनच असावा, असे मानले जाते.

रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात सम्राट टायटसच्या प्रासादातील लाओकून-शिल्पाचा उल्लेख केला आहे. चित्रकला वा धातुशिल्प यांतील कोणत्याही कृतीपेक्षा ते श्रेष्ठ होय, असा त्याचा अभिप्राय होता. हागेसान्द्रोस, पोलिदोरोस आणि आथेनोदोरोस या ऱ्होड्स बेटावरील तीन शिल्पकारांनी ते एकाच शिलाखंडातून घडविले, असेही तो सांगतो. त्याचे हे अखेरचे विधान खरे नाही. शिल्प अनेक तुकड्यांचे आहे. मात्र सांधे सर्पांच्या वेटोळ्यांआड आणि अवयवांच्या वळणांत इतक्या खुबीने लपविले आहेत की पाहणाऱ्याची सहज फसगत व्हावी. छिन्नी-हातोडीने आकार काढायचा, केसांच्या बटांमधील खोल सावल्या दोरीने फिरणाऱ्या सामत्याने पाडायच्या आणि शेवटी कातडीचा पोत कुरुंदासारख्या खरखरीत चुऱ्याने घासून आणायचा, अशी त्या काळच्या संगमरवरी कामाची पद्धत होती. तीन माणसांच्या हातांतून उतरलेले काम एकाच हाताचे वाटावे, यात या कारागिरीचे खरे कौशल्य आहे.

शिल्पाच्या काळाविषयी एकमत नाही. १९५७ साली इटलीतील स्पेर्लोंगा येथील गुहेत मोठ्या शिल्पांचे अवशेष सापडले आणि त्यांपैकी एकावर याच तीन नावांचा, पित्यांच्या नावांसह, लेख आढळला. तेव्हापासून हे शिल्पकार रोमन धनिकांसाठी काम करीत होते, या मताला बळकटी आली. त्यांनी जुन्या कांस्यशिल्पाची प्रतिकृती केली की स्वतंत्र रचना, हा प्रश्न मात्र उरतोच.

शोध आणि पहिली दुरुस्ती

१४ जानेवारी १५०६ रोजी रोममधील एस्क्विलिन टेकडीवर फेलिचे दे फ्रेदिस याच्या द्राक्षमळ्यात हे शिल्प सापडले. पोप दुसरा ज्युलिअस याने वास्तुशिल्पी जुलियानो दा सांगाल्लो यास पाहणीसाठी पाठविले. मायकेलअँजेलोही सोबत गेला. जुलियानोचा मुलगा तेव्हा लहान होता. त्याने १५६७ मध्ये लिहिलेल्या पत्रानुसार, खड्ड्यात उतरताच त्याच्या वडिलांनी हे प्लिनीने वर्णिलेले लाओकून-शिल्प असल्याचे ओळखले. ग्रंथात वाचलेली वस्तू प्रत्यक्ष मातीतून वर यावी, असे प्रसंग इतिहासात विरळाच. काही महिन्यांतच शिल्प पोपच्या ताब्यात आले.

शिल्प मिळाले, पण ते पूर्ण नव्हते. पित्याचा आणि धाकट्या मुलाचा उजवा हात नव्हता, तसेच थोरल्याच्या उजव्या हाताचा पंजाही नव्हता. आजचा पुरातत्त्वज्ञ अशी उणीव तशीच ठेवील. सोळाव्या शतकाला ते मान्य नव्हते. भग्न मूर्ती ‘पूर्ण’ करणे हा त्या काळी मूर्तीचा सन्मान समजला जाई. १५१० च्या सुमारास ब्रामान्ते याने काही शिल्पकारांकडून मेणाच्या प्रतिकृती करवून घेतल्या. राफाएलने त्यांतून याकोपो सान्सोव्हिनोची प्रतिकृती सर्वोत्तम ठरविली. पुढे बाच्चो बांदिनेल्लीने संपूर्ण समूहाची संगमरवरी प्रतिकृती घडविली. ती आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. १५३२ च्या सुमारास पोप सातवा क्लेमेंट याच्या आज्ञेवरून मोंतोर्सोली याने मूळ शिल्पाला भाजलेल्या मातीचा नवा हात जोडला. हा हात सरळ, आकाशाकडे उंचावलेला होता. मूळ हात कोपरात वाकून डोक्यामागे गेला असावा, असे मायकेलअँजेलोचे मत असल्याची परंपरा आहे. पण प्रचार झाला तो सरळ हाताचाच.

येथे खरा प्रश्न उपस्थित होतो. उंचावलेल्या हातामुळे शिल्पात एक लांब तिरकी रेषा निर्माण झाली. पायापासून मुठीपर्यंत जाणारी ही रेषा प्रतिकाराची होती. लाओकून मरणार हे ठाऊक असूनही तो झुंजणारा वीर भासू लागला.

या रूपावर मोठी सौंदर्यमीमांसा उभी राहिली. १७५५ मध्ये विंकेलमान याने लाओकूनच्या चेहऱ्यात वेदनेवर मात करणारी आत्म्याची शांती पाहिली. १७६६ मध्ये लेसिंग याने शिल्पाच्या नावाचाच ग्रंथ लिहून काव्य आणि दृश्यकला यांच्या मर्यादांची चर्चा केली. विशेष म्हणजे आपापले हे लेखन करेपर्यंत दोघांपैकी कोणीही रोमला गेलेले नव्हते. त्यांची भिस्त मुद्राचित्रांवर आणि प्लास्टरच्या ठशांवर होती, म्हणजे दुरुस्त केलेल्या रूपावर. यामुळे त्यांचे सिद्धांत निकामी ठरत नाहीत, परंतु ते कोणत्या लाओकूनविषयी आहेत, हे लक्षात ठेवावे लागते. पुढे नेपोलियनने इटली जिंकल्यावर शिल्प १७९८ मध्ये पॅरिसला नेण्यात आले आणि त्याच्या पराभवानंतर १८१६ मध्ये रोमला परत आले.

पोलाक आणि सापडलेला हात

लुडविग पोलाक यांचा जन्म १८६८ मध्ये प्रागमधील ज्यू कुटुंबात झाला. रोममध्ये स्थायिक झालेले हे पुरातत्त्वज्ञ पुराणवस्तूंचे व्यापारीही होते आणि पुढे बार्राक्को संग्रहालयाचे संचालक झाले. १९०६ च्या सुमारास, मूळ शिल्प सापडले होते त्याच परिसरातील बांधकाम साहित्याच्या एका आवारात त्यांना संगमरवरी हाताचा तुकडा दिसला. तो कोपरात तीव्रपणे वाकलेला होता. पोलाक यांनी त्याचे लाओकूनच्या शिल्पशैलीशी असलेले साम्य हेरले आणि तो व्हॅटिकनला भेट दिला. हा हात दुसऱ्या एखाद्या प्रतिकृतीचा असावा, असा त्यांचाच अंदाज होता. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक तो भांडारात पडून राहिला.

१९५७ ते १९६० या काळात फिलिप्पो माजी यांच्या देखरेखीखाली शिल्पसमूह सुटा करून पुन्हा जोडण्यात आला. खांद्याचा आणि हाताचा तुटलेला पृष्ठभाग एकमेकांवर थेट बसत नव्हता. मधला काही भाग नाहीसा झाला होता. तथापि, धडातील सामत्याने पाडलेले छिद्र आणि हातातील छिद्र एका रेषेत तंतोतंत आले. हात मूळचाच असल्याची खात्री पटली ती या छिद्रामुळे. शैलीविषयीच्या तर्कांपेक्षा कारागिराच्या हत्याराची खूण येथे अधिक निर्णायक ठरली. नंतरच्या काळात जोडलेले हात या वेळी काढून टाकण्यात आले.

आता शिल्पाची रचना आवळली गेली. आकाशाकडे जाणारी रेषा नाहीशी झाली. हात डोक्यामागे वळला आणि सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणे सारी ताकद पुन्हा शरीराकडेच परतू लागली. पूर्वीचा लाओकून झुंजत होता, हा अडकलेला आहे. मूळ शिल्पकारांना वीर दाखवायचा नव्हता, असे यावरून लगेच म्हणता येणार नाही. छातीचे आणि मांड्यांचे ताणलेले स्नायू अजूनही झुंजीचेच आहेत. पण झुंजीला बाहेर पडण्याची वाट उरलेली नाही, हे वाकलेल्या हातामुळेच कळते.

ही जुळणी पाहण्यास पोलाक हयात नव्हते. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मन सैन्याने रोममधील ज्यूंची धरपकड केली, तेव्हा त्यांना सहकुटुंब अटक झाली. त्यांची रवानगी ऑशविट्झ छावणीत झाली आणि तेथून कोणीही परतले नाही. त्यांनी दिलेला हात आज लाओकूनच्या खांद्यावर आहे. त्याचा पंजा मात्र अद्याप सापडलेला नाही, आणि ती जागा आता रिकामीच ठेवली आहे.