अदृश्य प्रकाशाची फिल्म
इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल यांना तांबड्या रंगापलीकडील अदृश्य 'इन्फ्रारेड' किरणांचा शोध लागला. १९१० मध्यें रॉबर्ट वुड यांनीं त्या किरणांनीं घेतलेलीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं: आकाश काळेंभोर, पण पानें हे किरण परतवीत असल्यामुळें हिमासारखीं शुभ्र! पुढें निघालेल्या कोडॅकच्या 'एचआयई' या कृष्णधवल फिल्मला आंतील परावर्तन रोखणारा थर नव्हता. त्या उणिवेमुळेंच उजळ भागांभोंवतीं तेजोवलय उमटे, आणि रसिक लुब्ध झाले ते त्यावरच. ती २००७ मध्यें बंद झाली. इलफर्ड व रोलाय यांच्या आजच्या फिल्मांचा पल्ला तिच्याहून तोकडा आहे. ज्या वस्तूचे चाहते थोडे, ती नुसत्या स्तुतीनें जगत नाहीं, विकत घेतल्यानें जगते, असें आम्हांस वाटतें.