गिअरची की बिनगिअरची?



मागच्या महिन्यात जिवतीच्या बाजारात काही गटांतल्या बाया भेटल्या. गटातून थोडं कर्ज काढायचं आणि गाडी शिकायची, असं त्यांचं ठरलंय. प्रश्न एवढाच होता, की शिकायची ती गिअरची की बिनगिअरची? घरून उत्तर मिळालेलंच होतं : "बायकांना बिनगिअरचीच बरी." आम्ही उभ्या उभ्या काही बोललो नाही. कारण या प्रश्नाशी आमचाही एक हिशोब आहे.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातल्या एकीच्या सुनेला रात्री अचानक कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून वेळ होता, त्यामुळे कुणाचीच तयारी नव्हती. फोनला रेंज नाही. घरातले पुरुष नात्यातल्या मयतीला तेलंगणात गेलेले. अंगणात पिकअप उभी होती, डिझेल होतं, चावी खुंटीला होती. आमच्यातल्या तिघींना स्कूटी येत होती, पण कळा देणाऱ्या बाईला स्कूटीवर बसवून घाट कसा उतरायचा? आणि पिकअपचा क्लच कुठला, हे एकीलाही माहीत नव्हतं. शेवटी एकजण स्कूटी घेऊन शेजारच्या गावी गेली, ड्रायव्हरला झोपेतून उठवून आणलं. त्यात दीड तास गेला. बाई वाचली, बाळही वाचलं. पण चावी हातात धरून आम्ही ओसरीवर बसून होतो, ते अजून विसरता येत नाही.

म्हणून आज या प्रश्नाचा इतिहास सांगतो. "बायकांना बिनगिअरचीच" हे कुठून आलं, ते आधी पाहू.

सुरुवात जर्मनीतून करू. कार्ल बेंझ नावाच्या माणसानं पेट्रोलवर चालणारी तीनचाकी मोटार बनवली होती. लोक तिच्याकडे संशयानं बघत, विकत कुणी घेत नव्हतं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था बेंझ पहाटे उठली, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीत बसली आणि मानहाईम गावाहून प्फॉर्त्सहाईमला निघाली. तिथं कोण होतं? तिची आई. म्हणजे मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला, आणि तो माहेरी जायला! अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधन संपलं, ते तिनं औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली.

खरी अडचण आली ती चढावर. चढ चढायला पुरेल असा गिअर गाडीला नव्हता. पोरांना उतरून ढकलावं लागलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर तिनं चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. आणि तो पुढच्या गाड्यांना बसवला गेला. आता सांगा, गिअर ही पुरुषांचीच गोष्ट कशी? घाट चढायचा गिअर तर एका लेकुरवाळीनं मागून घेतलेला आहे.

तरी पुढं मोटार पुरुषांकडेच राहिली. तेव्हाची गाडी पुढून लोखंडी हँडल घालून, ताकदीनं फिरवून चालू करावी लागे. हँडल उलटं फिरलं तर हात मोडायचा. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीनं बटणावर चालू होणारी गाडी आणली आणि ही ताकदीची अट गेली. १९३९ मध्ये तिकडेच जनरल मोटर्सनं आपोआप गिअर बदलणारी गाडी बाजारात आणली. त्यात क्लचचा पायही गेला. पण हे सगळं दूर अमेरिकेत. आपल्याकडे पुढची कितीतरी वर्षं जीप, ट्रक, ट्रॅक्टर, एसटी सगळं गिअरचंच होतं, आणि स्टिअरिंगवर बापेमाणूसच दिसायचा.

आपल्याकडे फरक पडायला लागला तो १९७२ पासून. ते दुष्काळाचं साल. त्या सुमारास मराठवाड्यातून बरीच कुटुंबं पोटासाठी आमच्या डोंगरावर आली, आमच्यातल्या काहीजणी त्यांच्याच लेकी. त्याच साली पुण्याकडे दोन गाड्या निघाल्या. एक बजाजची चेतक. ती चार गिअरची. डाव्या हातानं क्लच दाबायचा आणि तीच मूठ फिरवून गिअर टाकायचा, चालू करायला किक मारायची. दुसरी कायनेटिकची लूना. इवलीशी, पायडल असलेली, गिअरच नसलेली. चेतक घरच्या मालकाची झाली आणि बाई तिच्यावर मागं एका बाजूला बसली. लूनावर मात्र मास्तरीण बाई, नर्सबाई स्वतः बसल्या.

१९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की चालू, मूठ पिळली की पुढं. तिच्यात गिअरचं काम दोन पुल्या आणि एक पट्टा करतात. वेग वाढला की पुल्यांचा घेर आपोआप बदलतो. म्हणजे गिअरचं काम संपलेलं नाही, ते आपल्याऐवजी गाडी करते. पुढं स्कूटी आली, २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली, आणि गावोगावच्या पोरी कॉलेजला, अंगणवाडीला, बँकेत स्वतःच्या गाडीनं जायला लागल्या. या गाड्यांनी बायांसाठी जे केलं ते मोठं आहे. त्या रात्री आमच्याकडे स्कूटी नसती, तर ड्रायव्हरसुद्धा आला नसता.

पण त्याबरोबर एक शिक्काही बसला. "बायकांची गाडी" आणि "माणसांची गाडी" अशी वाटणी झाली. आणि बघा, वाटणीत कुणाला काय आलं. बिनगिअरच्या गाडीवर बाजार होतो, पोरांची शाळा होते. पण माल नेणारी पिकअप, काळीपिवळी, ट्रॅक्टर, एसटी, म्हणजे ज्या गाडीवर रोजचे पैसे मिळतात, त्या आजही आपल्याकडे बहुतेक गिअरच्याच. "बायकांना बिनगिअरचीच" म्हणताना ती कमाईसुद्धा आपल्या हातून काढून घेतली जाते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ही वाटणी मोडणाऱ्या बायाही आहेत. परभणीच्या शीला डावरे घर सोडून पुण्याला आल्या आणि १९८८ मध्ये ऑटोरिक्षा चालवायला लागल्या. रिक्षाचा गिअरही चेतकसारखाच मुठीत. देशातल्या पहिल्या रिक्षाचालक बाई म्हणून त्यांची नोंद झाली.

एसटीचं बघा. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली. आमचा राजुरा भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. त्यानंतर एसटीच्या स्टिअरिंगवर बाई दिसायला पंचाहत्तर वर्षं लागली. जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड ते नीरा एसटी चालवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी तरुणींनाही एसटीनं ड्रायव्हरचं प्रशिक्षण दिलं होतं. आपल्या शेजारच्याच की!

आणखी जवळचं सांगायचं तर गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा तालुक्यातल्या रेगुंठ्याची किरण कुर्मा. अर्थशास्त्रात एम. ए. झालेली पोरगी. वडिलांची टॅक्सी तिनं हातात घेतली, जंगलाच्या रस्त्यानं प्रवासी नेले, एका गाडीच्या पुढं आणखी गाड्या केल्या आणि नंतर शिकायला इंग्लंडला गेली.

त्या इंग्लंडात एक कायदा आहे. तिथं ऑटोमॅटिक मोटारीवर परीक्षा दिली, तर लायसन्सवर तसं लिहून येतं आणि गिअरची मोटार चालवता येत नाही. आपल्याकडे चारचाकीच्या लायसन्सवर असा भेद नाही. दुचाकीत मात्र आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गिअरची आणि बिनगिअरची असे दोन वेगळे वर्ग आहेत. गिअरचं लायसन्स असलं तर स्कूटीही चालते. नुसतं बिनगिअरचं असलं तर मोटारसायकल चालवणं म्हणजे बिनलायसन्सचं चालवणं. म्हणून फॉर्म भरताना कुठल्या खान्यात खूण केली जातेय, ते आपल्या डोळ्यांनी बघा. भरून देणारा माणूस बाई बघून परस्पर "विदाऊट गिअर" करून टाकतो. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तेवढा सराव पुरतो.

आता आपला घाट. गडचांदूरहून जिवतीला येणारा रस्ता तुम्ही जाणताच. गिअरच्या गाडीचा जुना ड्रायव्हरी नियम असा, की ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये तो उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही. डिझेल वाचवायला कुणी उतारावर न्यूट्रल करत असेल, तर त्याचं ऐकू नका. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. बिनगिअरच्या स्कूटीत इंजिनाचा हा आधार कमी मिळतो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा, इंजिन बंद करू नका. ऑटोमॅटिक मोटारीतही उतारासाठी खालचा गिअर असतो, तो कुठं आहे ते शिकवणाऱ्याला विचारून घ्या.

काही जणी म्हणतील, आता विजेच्या गाड्या आल्या, त्यांना गिअरच नाही, मग शिकायचं कशाला? खरं आहे. राज्य सरकारची गुलाबी ई-रिक्षा बिनगिअरचीच आहे. उद्या पिकअपही तशी येईल. पण उद्याची गाडी उद्या येईल. आज गावात उभी आहे ती गिअरची आहे.

तर आमचं उत्तर असं. भीती जायला, रस्त्याचा अंदाज यायला बिनगिअरची आधी शिका. त्यात कमीपणा काही नाही. पण तिथं थांबू नका. पुढच्या उन्हाळ्यात, उड्याचं काम नसताना, कापणी झालेल्या मोकळ्या वावरात, घरचीच पिकअप घेऊन क्लच शिका. गाडी दहादा बंद पडेल. लोक हसतील. बर्थाच्या पोरांनी तर गाडी ढकलली होती.

आमच्या गटानं त्या रात्रीनंतर ठरवलं, की दर गावात निदान दोन बायांना गिअरची चारचाकी आली पाहिजे. आज आमच्यातल्या तिघींकडे पक्कं लायसन्स आहे. पिकअपची चावी अजून त्याच खुंटीला असते. फरक इतकाच, की आता ती काढून घ्यायला कुणाची वाट बघावी लागत नाही.

तुमच्या गावात अशी चावी कुठं लटकली आहे आणि ती कुणाला चालवता येते, हे या आठवड्याच्या बैठकीत एकमेकींना विचारा.