नको, नक्को आणि छोट्या शब्दांची भानगड

इंटरनेटवर दोन प्रकारचे लेख कधीच संपत नाहीत. पहिल्या प्रकारात कुणीतरी इंग्रजीतला 'नो', जर्मनमधला 'नाइन', रशियनमधला 'न्येत' अशी यादी देतो, शेजारी संस्कृतमधला 'न' ठेवतो आणि सगळं युरोप आपल्याच पोटी जन्मलं असं जाहीर करतो. दुसरा प्रकार आमच्या सोलापूरच्या जास्त जवळचा. 'अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द कन्नड, ते सोलापुरात सर्रास चालतात, म्हणून सोलापूर कर्नाटकाचं.' मग पलीकडून उत्तर येतं, 'छे, हे शब्द अस्सल मराठी, म्हणून बेळगाव आमचं.' दोन्हीकडचा पुरावा एकच: शब्द सारखे दिसतात!

आता शब्द सारखे दिसतात म्हणजे नक्की काय सिद्ध होतं? हा प्रश्न मला पेशामुळेही छळतो. दोन फाइलींचा हॅश सारखा आला की त्या एकच असं आपण धरून चालतो. पण हॅश जर दोनच अक्षरांचा असेल तर? मग टक्कर होणारच. छोट्या शब्दांचं नेमकं तसंच आहे.

ढोबळ हिशेब करू. एखाद्या भाषेत २० व्यंजनं आणि ५ स्वर धरले तर एका अक्षराचे १०० साचे होतात. दोन भाषांतले रोजच्या वापरातले २०० अर्थ घेतले आणि प्रत्येकाला असा एकेक छोटा शब्द दिला, तर निव्वळ योगायोगाने दोनेक शब्द तंतोतंत जुळतील. आपण तर 'प' आणि 'ब' एकच, 'त' आणि 'द' एकच, स्वर थोडा इकडेतिकडे चालेल, अशी ढिलाई देतो. मग वीसेक जुळले तरी नवल नाही. इंग्रजी 'बॅड' आणि फारसी 'बद' (आपल्या बदनाममधला) घ्या. अर्थ एक, उच्चार जवळपास एक, दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, तरीही या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम नावाच्या भाषेत कुत्र्याला 'डॉग'सारखाच शब्द होता, आणि तो इंग्रजीतून आलेला नव्हता. ग्रीक 'थेऑस' आणि लॅटिन 'देउस', दोन्हींचा अर्थ देव. पण आपल्या 'देव'चा भाऊ फक्त 'देउस'. 'थेऑस' वेगळ्या घरचा.

मग नातं ओळखायचं कसं? उत्तर गंमतशीर आहे. सारखेपणा बघायचा नाही, नियमित फरक बघायचा. याकोब ग्रिम (हो, तोच परीकथावाला) याने १८२२ साली हे नीट मांडून दाखवलं. संस्कृत आणि लॅटिनमध्ये जिथे 'प' आहे तिथे इंग्रजीत 'फ' येतो: पितृ, पातेर, फादर, पाद, पेस, फुट. जिथे 'द' तिथे 'ट': दश, देकेम, टेन, द्वि, दुओ, टू. फरक एका शब्दापुरता नाही, रांगेने येतो. योगायोगाला असली शिस्त नसते.

हा प्रयोग बघायला युरोपला जायची गरज नाही. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड शेजारीशेजारी ऐकू येतात. तेलुगूत दूध म्हणजे 'पालु', कन्नडमध्ये 'हालु'. वाघ तेलुगूत 'पुलि', कन्नडमध्ये 'हुलि'. दहा तेलुगूत 'पदि', कन्नडमध्ये 'हत्तु'. फूल 'पुव्वु', कन्नडमध्ये 'हूवु'. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा 'प' पुढे 'ह' झाला, तेलुगूत तो टिकला. म्हणजे 'पालु' आणि 'हालु' सख्खे. या भाषांचं स्वतंत्र कूळ आहे हे फ्रान्सिस एलिस या मद्रासच्या कलेक्टरने १८१६ साली दाखवलं, आणि कॉल्डवेलने १८५६ साली त्यावर आख्खा ग्रंथ लिहिला.

आता आमच्या अण्णा-अक्कांकडे येऊ. यांची परीक्षा मराठीच्याच नियमाने घेता येते. प्राकृतातलं जोडाक्षर मराठीत येताना सुटं झालं आणि आधीचा स्वर लांबला. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. संस्कृत 'आर्यक'चा प्राकृतात 'अज्जअ' झाला आणि मराठीत 'आजा'. आजोबा आणि आजी याच घरातले. हा नियम इतका पक्का आहे की जुन्या शब्दांवर त्याचा शिक्का दिसतोच. मग 'अण्णा'चं 'आणा' का नाही झालं? 'अक्का'चं 'आका' का नाही? कारण हे पाहुणे तो बदल उरकल्यावर दाराशी आले. लाडाच्या हाकेत अक्षर दुप्पट होतं हे मान्य (बाळाला आपण 'बब्बू' करतोच). पण कन्नडमध्ये 'अण्ण' म्हणजे थोरला भाऊ, 'अक्क' म्हणजे थोरली बहीण, तेलुगूत 'अन्न' आणि 'अक्क', तमिळमध्येही तेच. सगळं कुटुंब तिकडे नांदतंय. तेव्हा हे शब्द आपण शेजाऱ्याकडून घेतले, आणि घेताना अर्थही सैल केला. मराठी घरात अण्णा म्हणजे भाऊ असेल, वडील असतील, नाहीतर वाड्यातले कुणीही वडीलधारे. काका-आत्या ज्यांना अण्णा म्हणतात त्यांना पोरंही अण्णाच म्हणतात, इतकं साधं आहे ते.

उलटी वाहतूकही होतीच. कन्नडमधला 'अज्ज' म्हणजे आजोबा. त्यात आर्यकाचं प्राकृत रूप जसंच्या तसं बसलंय. आपण ते घासून 'आजा' केलं, त्यांनी जोडाक्षरासकट जपून ठेवलं. कोणाचं कोणाकडे राहिलं बघा!

आई-बापाच्या हाकांची मात्र वेगळीच भानगड. मामा, पापा, बाबा, अम्मा असे शब्द जगभर आहेत आणि त्यातून नातं किंवा उसनवारी काहीच सिद्ध होत नाही. रोमान याकोबसन या भाषावैज्ञानिकाने १९६० च्या सुमारास याचं कारण मांडलं. तान्ह्या बाळाला ओठाचे आवाज आधी जमतात, दूध पिताना नाकातून 'म्' निघतो, आणि तो आपल्यालाच उद्देशून आहे असं मोठी माणसं धरून चालतात. अर्थ आपण लावतो. म्हणून जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे चक्क बाप, आणि 'देदा' म्हणजे आई. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. आवाज तोच, मालक वेगळे.

तर सारखे दिसायची कारणं झाली चार: वारसा, उसनवारी, बाळाचं तोंड आणि योगायोग. आता सुरुवातीच्या 'न'कडे जाऊ. संस्कृत न, फारसी न, रशियन न्ये, लॅटिन नोन, इंग्रजी नो, जर्मन नाइन हे खरोखरच एका कुळातले. पण ते संस्कृतची पोरं नाहीत, संस्कृतची भावंडं आहेत. शिवाय प्रत्येकाने वाटेत काहीतरी चिकटवून घेतलंय. 'नाइन'मध्ये 'न' अधिक 'एक' आहे, 'नो'मध्ये 'न' अधिक 'कधीही'. याच यादीत जपानी 'नाइ' घुसवला तर तो निव्वळ योगायोग. आणि ग्रीक माणूस 'ने' म्हणाला तर खूश व्हा, कारण तिथे त्याचा अर्थ 'हो'!

मराठीने 'न'ला काय चिकटवलं? आपल्याकडे 'नाही' आहे आणि 'नको' आहे. 'चहा नाही' आणि 'चहा नको' यांत जमीन-अस्मानाचा फरक. हिंदीला यासाठी 'नहीं है' आणि 'नहीं चाहिए' असं लांबून यावं लागतं. पण कन्नड माणसाला आपला फरक लगेच कळतो: 'इल्ल' म्हणजे नाही, 'बेड' म्हणजे नको. तेलुगूत 'लेदु' आणि 'वद्दु'. आणखी पुढे बघा. आपण 'जाऊ नको' म्हणतो, म्हणजे नकाराचा आणि मनाईचा शब्द एकच. कन्नडमध्ये 'होगबेड', तेलुगूत 'पोवद्दु', इथेही तसंच. आमच्या शेजारची दखनी तर सरळ आपलाच शब्द घेऊन मोकळी झाली: 'मेरेकू चाय नक्को', 'नक्को जाओ'. (तसाच आपला 'च'ही तिकडे गेला. 'ऐसाइच', 'मैंइच' ऐकलंय ना?)

म्हणजे 'नको'चं तोंड 'न'चं, थेट संस्कृत-लॅटिनच्या घराण्यातलं. पण त्याची कामाची पद्धत कन्नड-तेलुगू शेजाऱ्यांसारखी. हे पाचवं कारण समजा: शब्द आपला, वळण आळीचं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये हेच पाहिलं आणि १९७१ साली छापलं. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत होते. शब्द ज्याने त्याने आपापले ठेवले, पण वाक्यांची बांधणी इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं. सॉफ्टवेअरच्या भाषेत, इंटरफेस एक झाला, कोड आपापला राहिला.

आता मूळ भांडणाकडे. महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, त्यात अक्कलकोट कर्नाटकाला द्यावं असंही होतं. महाराष्ट्राने तो नाकारला, आणि २००४ साली सुप्रीम कोर्टात गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटची मागणी पुन्हा काढली. कोर्टाचं काम कोर्ट करील. इथे लाखो माणसांचं रेशनकार्ड, शाळा आणि नोकरी कुठल्या भाषेत असेल याचा प्रश्न आहे, तो काही दोन अक्षरी शब्दांच्या यादीवर सुटायचा नाही. माझं म्हणणं एवढंच, की शब्दांना साक्षीला बोलवायचं असेल तर त्यांची पूर्ण जबानी घ्या.

पूर्ण जबानी काय सांगते? सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धराम. त्यांची वचनं कन्नड, आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला येणाऱ्यांची भाषा कुणी विचारत नाही. १८७७ साली इथे कापडाची गिरणी निघाली (तीच जुनी गिरणी), आणि माग चालवायला तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, येताना तेलुगू घेऊन आले. आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या देवळात शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे. काळ दिलेल्या सर्वात जुन्या मराठी लेखांपैकी तो एक. आणि गावाच्या नावातला 'कुडल' कन्नड! त्याचा अर्थ संगम. उलट मराठीची दुसरी प्रसिद्ध जुनी ओळ कोरलीय ती कर्नाटकात, श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी.

जुनं मराठी वाक्य कन्नड नावाच्या गावात, जुनं मराठी वाक्य कन्नड मुलखात. यातून सातबारा कुणाच्या नावे निघतो? कुणाच्याच नाही. छोटे शब्द मालकी सांगत नाहीत. कोण कोणाच्या शेजारी किती वर्षं राहिलं, आणि कोणाच्या पोराने कोणाच्या अण्णाला अण्णा म्हटलं, तेवढं सांगतात. पुढच्या वेळी कुणी शब्दांची यादी घेऊन सीमा आखायला आला तर त्याला आधी नियम विचारा. नियम नसेल तर सांगा, नको. कन्नड असेल तर बेड, तेलुगू असेल तर वद्दु, आणि दखनीवाला असेल तर नक्को. चौघांनाही कळेल.